धुता येईल अशी मॅट

२१ एप्रिल

उठलेच नाही! मांडव रिकामा होत आला तरी खुर्चीवरून उठले नाही.

शेजारच्या हरणाबाईच्या पुतण्याचं लग्न. अक्षता पडल्या, पंगती बसल्या. नवरदेवाच्या मित्रांनी काहीतरी चावटपणा केला आणि बायका हसायला लागल्या. मीही हसले. पोट धरून हसले – आणि झालं. साडी मागून ओली. तोंडावर हसू तसंच आणि खाली हे! मग बसून राहिले. जेवायला चल म्हणाल्या, भूक नाही म्हटलं. नवरीला भेटायला चल म्हणाल्या, पाय दुखतोय म्हटलं. मांडववाले खुर्च्या एकात एक घालायला लागले तेव्हा तांब्यातलं पाणी मांडीवर सांडून घेतलं आणि "अगं बाई, सांडलं की" म्हणत उठले. नाटक बरं जमतं मला.

एक्केचाळिसावं सरलं. हायस्कूलात मराठी शिकवते. नुसतं वर्गाच्या दारात उभी राहिले तरी पोरं गप्प होतात. आणि शिंक आली की मलाच घाम फुटतो. आधी थेंब म्हणायचे. आता थेंब म्हणवत नाही.

घरी येताना सासूबाई म्हणाल्या, "जेवली न्हाईस ती? लग्नात रुसायला तू काय मानाची हायस का?" न्हाणीघरात जाऊन रडले, मग साडी धुतली. पुरे झालं हे.

२२ एप्रिल

ठरलं. साताऱ्याला जाऊन दाखवायचं. फलटणला नको – इथं कंपाउंडरपासून औषधवाल्यापर्यंत सगळे माझेच विद्यार्थी.

२६ एप्रिल

जाऊन आले. एसटीत खिडकी सोडून दाराजवळची जागा धरली. उतरल्याबरोबर आधी स्टँडवरची मुतारी, मग दवाखाना. माझा कुठलाही प्रवास असाच असतो आता, मुतारीपासून मुतारीपर्यंत.

डॉक्टरीणबाईंनी तपासलं. बाळंतपणात खालचे स्नायू सैल पडतात, वयानं आणखी. माझा विश्वजित चांगला दांडगा होता जन्मतानाच. ऑपरेशन असतं म्हणाल्या, पण आधी तीन महिने नेटानं व्यायाम करा, बऱ्याच जणींना तेवढ्यानंच गुण येतो. आणि शेजारच्या खोलीत पाठवलं. तिथं प्रांजल मॅडम. व्यायाम शिकवणारी. विश्वजितपेक्षा चार-पाच वर्षांनीच मोठी असेल, कोरेगावकडची. आवाज जराही खाली न घेता म्हणाली, "शिंकताना लघवी होते ना, ताई? लय बायकांना होते. सांगत न्हाई कुणी." मी दाराकडे बघितलं. दार बंद होतं. देवा!

लघवी अडवताना आवळतो तसं आवळायचं, धरायचं, सोडायचं. मग गुडघे दुमडून, टाचा दाबून, श्वास सोडत कंबर वर. ऐकायला सोपं. करताना कपाळावर घाम.

"गादीवर करू नका," म्हणाली. गादी दबते, मग कंबर वाकडी होते आणि आपण नेमकं काय आवळतोय ते कळत नाही. जमिनीवर करायचं, मॅट घालून. मी विचारलं, कसली मॅट? तिनं उलट विचारलं, घरात फरशी कसली? गुळगुळीत, म्हटलं. मग म्हणाली – टाच दाबली की मॅट सरकता कामा नये. पाठीचा मणका फरशीला टोचता कामा नये, पण बूड रुतेल इतकी मऊही नको. लांबीला तुमच्यापेक्षा वीतभर जास्त. रंग कुठलाही.

दारापाशी गेल्यावर मी परत वळले. "आणि मधेच झालं तर?" "होईल सुरुवातीला," म्हणाली. "आत मुरणारी घेऊ नका. धुता येईल अशी घ्या."

दुकानात हे शेवटचं कसं विचारायचं ते मात्र तिनं शिकवलं नाही.

२८ एप्रिल

घरी सांगितलं, पाठीचे व्यायाम दिलेत. पाठ काय, जवळच आहे!

सासूबाई: "पाठ दुखती म्हनून पडून ऱ्हायचं? आनि त्याला व्यायाम म्हनायचं? आमी उसात वाकून वाकून पाठ धरली, आमाला न्हाई कुनी म्हनलं पड म्हनून." एवढं बोलून आत गेल्या आणि ट्रंकेतली वाकळ काढून आणली. चांगली, ठेवणीतली. जुन्या लुगड्यांची, बारीक टाक्यांची, त्यांनी स्वतः शिवलेली. "ही हातर. म्यॅट का फ्याट कशाला?"

नको म्हटलं.

मऊ आहे, फरशीवर गोळा होते, असं काहीतरी सांगितलं. खरं कारण सांगू? भिजली तर ती वाकळ तीन उन्हांत वाळत नाही, आणि दोरीवर बघून सगळी आळी विचारणार की घरात अंथरूण कोण ओलं करतंय. हे त्यांना कुठं सांगणार! त्यांनी वाकळेची घडी घातली, एकाच्या दोन घड्या जास्तच घातल्या. "आता आमच्या हातचं चालत न्हाई," एवढंच म्हणाल्या.

वाईट वाटलं. फार वाटलं. पण मॅट मी माझ्या मनासारखीच घेणार.

३ मे

सकाळी नुसत्या फरशीवर केलं. मणक्याचा एकेक मणी मोजून घ्यावा इतका टोचला. संध्याकाळी सतरंजीवर. सतरंजी माझ्यासकट सरकली.

विश्वजितला सांगलीला फोन केला. कॉलेजची परीक्षा चालू आहे त्याची, तरी सांगितलं – मॅट मागव, जाड हवी, घसरणारी नको, धुता येणारी. "आई, जिम लावलीस का काय?" म्हणून हसत सुटला. हस म्हटलं, पण मागव.

६ मे

आली. गुलाबी. फोटोत बोटभर जाड दिसत होती, हातात घेतली तर भाकरीएवढी. वास नव्या चपलेचा. टोकं गुंडाळलेलीच राहतात, त्यांच्यावर दोन्हीकडे वरवंटा आणि खलबत्ता ठेवून आडवी झाले.

गुडघे दुमडले. टाचा दाबल्या. कंबर उचलली – आणि मॅट मला घेऊन मागं निघाली! डोकं थेट कपाटाच्या पायाला. धक्का बसला तशी झालीच. वर त्या मॅटला मेल्या बारीक बारीक खाचा, नक्षीच्या. पुसलं तरी खाचांत राहतंच. टोकरून टोकरून धुवावं लागलं.

सासूबाईंनी बाहेरून विचारलं काय आपटलं. म्हटलं, कपाट.

७ मे

निवडणुकीची ड्युटी. दिवसभर लोकांच्या बोटाला शाई लावली. पाण्याचा घोट घेतला नाही. डोकं ठणकतंय.

१० मे

शिराळ्याहून वहिनीचा फोन. स्वप्नाली – धैर्यशीलदादाची बायको, माझ्याहून लहान आणि माझ्याहून फटकळ. नागपंचमीला अजून तीन महिने आहेत आणि हिचं आत्तापासून! "वन्सं, यंदा कारन चालनार न्हाई. चार सालं झाली, पंचमीला कवा पेपर तपासायचं अस्त्यात, कवा ताप येतोय. तुमच्यासंगं फुगडी धरल्याबिगार मला पंचमी वाटत न्हाई. आई बी तेच म्हनत्यात." बघते म्हटलं.

बघते काय? शिराळ्यात पंचमीला आमच्या आळीत माझ्यासारखी फुगडी कुणाची नव्हती. समोरची ओरडायची, सोड म्हणायची, मी सोडायची नाही. मग दर सालची खोटी कारणं. आईला वाटतं लेकीला माहेर नको झालंय. परवा दादाला म्हणाली म्हणे, की पोरगी मास्तरीण झाली, आता आपल्यात कशाला खेळंल. हे ऐकून बरं वाटेल का कुणाला?

यंदा जाणार. खेळणार. बसून टाळ्या वाजवायला नाही जाणार – फुगडी खेळणार! तोवर ही मॅटची भानगड मिटायलाच हवी.

१३ मे

आज जे झालं ते लिहितानाही हसू येतंय, आणि हसणं मला परवडत नाही.

दुपारी टेम्पो दारात. सासरे पुढून उतरले, ऐटीत. "सूनबाई, मॅट आनली." ड्रायव्हर आणि ते, दोघांनी मिळून काळी वळकटी खाली घेतली. धप्पकन् धुरळा उडाला. गाईची मॅट! गोठ्यात गाईखाली घालतात ती – जाड रबरी, खाली बटणं बटणं असलेली.

फोनवर मी विश्वजितला सांगत होते ते त्यांनी ऐकलं होतं. जाड, घसरणारी नको, धुता येणारी. आमच्या घरात मॅट म्हणजे दुसरी कुठली असते? हरणाबाईच्या गोठ्यात आहे, सगळ्या गावात आहे. त्यांना वाटलं सून शाळा करून गोठ्याची एवढी काळजी करतेय, तर आपण बाजारातली उत्तमच आणावी. गोठ्याच्या सामानाच्या दुकानात तासभर पारखून घेतली म्हणे. मला गुण सांगायला लागले: "गाय धा येळा उठली-बसली तरी सरकत न्हाई. गुडघं सोलत न्हाईत. आनि मुतली-बितली तरी आत म्हनून मुरत न्हाई, पानी मारलं की सोच्छ."

जे मला कुणालाही विचारता येत नव्हतं ते माझ्या सासऱ्यांनी विचारून, पारखून, भर अंगणात मोठ्यानं सांगितलं! मी हसायला लागले. थांबता येईना. मग जे व्हायचं ते झालं आणि मी पदर तोंडाला लावून न्हाणीघरात पळाले. आत हसू कुठं संपलं आणि रडू कधी लागलं कळलं नाही.

सासूबाई बाहेर त्यांना झापत होत्या, पोरीनं पाठीसाठी मॅट मागितली आणि तुम्ही गाईची आणली म्हणून. ते म्हणाले, "मग पाठ काय येगळी असती का?" भला माणूस. रागवायचं तरी कसं!

१४ मे

आज पहाटे धार काढायच्या आधी पडवीत ती काळी मॅट पसरली आणि आडवी झाले. होय, झाले! करून बघितल्याशिवाय नाव का ठेवायचं?

कडक आहे. माकडहाडाला बोचते. पण टाच दाबली – आणि टाच जागची हलली नाही. अगदी रोवल्यासारखी. कंबर नीट वर गेली आणि पहिल्यांदाच कळलं की नेमकं काय आवळायचं असतं. गेले पंधरा दिवस मी नुसती मांड्या आवळत होते आणि सरकू नये म्हणून धडपडत होते! म्हणजे न घसरणं हे पहिलं, जाडी नंतर. आता मला माहीत आहे मी काय मागायचं.

उठून मॅट गोठ्यात घालू दिली. तांबडी गाय तिच्यावर बसली ती दुपारपर्यंत उठली नाही. जिची होती तिला मिळाली.

१८ मे

साताऱ्याला पोवई नाक्याकडे खेळाच्या सामानाचं एक दुकान आहे. दोन वेळा दारावरून गेले. दुकानदार पन्नाशीतला, भिंगाचा चष्मा, गल्ल्यावर एकटाच. आत बाई असती तर बरं झालं असतं. नव्हती.

तिसऱ्या वेळी आत गेले.

योगा मॅट म्हटल्याबरोबर त्यांनी पाच-सहा वळकट्या काढल्या. एक तागाची, दिसायला फार सुरेख. एक फेसासारखी जाड – हातानं दाबली तर बोटं रुतली, गादीच ती. मी चप्पल काढली, एकेक मॅट फरशीवर अंथरली आणि सरळ टाच दाबून ओढून बघायला लागले. ते बघतच राहिले. म्हणाले, बहुतेक जण रंग बघतात. दोन घसरल्या. तागाची घसरत नव्हती. तिथं गाडी अडली. "ही आत पाणी मुरवते का?" "घाम का? घाम थोडा मुरायचाच, मॅडम. उन्हात टाकायची."

आता घाम म्हणून सोडून देणं सोपं होतं. तोंडात आलाच होता घाम. मग मनात म्हटलं, सासरे भर अंगणात बोलू शकतात तर मी का नाही? गाईला लाज नाही, ठीक आहे. पण मी असं काय पाप केलंय?

"घाम नाही," म्हटलं. "व्यायाम करताना मला कधी कधी लघवी होते. त्यासाठीच व्यायाम दिलाय डॉक्टरांनी. ती मुरली नाही पाहिजे आणि धुता आली पाहिजे."

म्हटलं! पुऱ्या वाक्यात, कर्ता-कर्म-क्रियापदासकट. कान तापले होते, पण आवाज वर्गात असतो तसाच निघाला.

ते हसले नाहीत. खालीही बघितलं नाही त्यांनी. "मग ताग नको," म्हणाले. स्वतःची पाण्याची बाटली उघडली आणि उरलेल्या मॅटांवर एकेक पेलाभर पाणी ओतलं. आम्ही दोघं उभं राहून बघत होतो. एकीवर पाणी पसरून आत गेलं. एकीवर खाचांत बसलं. एका निळ्या मॅटवर नुसतं वर राहिलं, फडक्यानं पुसलं तर कोरडी ठणठणीत. दाट आहे, फार जाड नाही. दाबली की बोट रुतत नाही, पण हाडाला टोचतही नाही. टाच हलली नाही. मी आडवी पडून लांबी बघू का विचारलं. बघा म्हणाले आणि रस्त्याकडे तोंड करून उभे राहिले.

येताना एसटीत ती वळकटी मांडीवर घेऊन बसले. या वेळी खिडकीजवळ.

१९ मे

मॅट मिळाली, आता जागा! घरात एवढ्या खोल्या आणि बाईला पाठ टेकायला जागा नाही. मधल्या खोलीत पाय देव्हाऱ्याकडे होतात. पुढच्या खोलीत आल्या-गेल्याची नजर. आमच्या खोलीत पलंगानं सगळी फरशी गिळलीय. शेवटी माडीवरच्या खोलीतल्या खताच्या पिशव्या एका कडेला ओढल्या. तिथं सरळ अंथरली तर डोकं उत्तरेला, सासूबाईंना ते चालायचं नाही. आडवी बसत नाही. म्हणून कोपऱ्यातून कोपऱ्यात, तिरकी. तिरक्या बाईची तिरकी मॅट!

टाच हलली नाही. पाठ टोचली नाही. आणि झालं तेव्हा धुऊन, कठड्यावर वाळत टाकली.

२ जून

जयराजना फोनवर सांगून टाकलं. पोस्टिंग राजस्थानात आहे सध्या, रेंज येते-जाते. मधेच फोन कटला आणि मला वाटलं नवरा लाजून पळाला. परत लागला. म्हणाले, "पाच वर्सं? आनि मी दर सुट्टीला विचारतोय हितं चल, तितं चल, तू न्हाई म्हनतीस. मला वाटायचं माझ्यासंगं यायाचा कंटाळा." मग फौजी हिंदी सुरू, "करो, रोज करो, छुट्टी नहीं." रोज विचारतो म्हणाले. विचारा.

२० जून

सहावीच्या वर्गात फळा पुसताना खडूची धूळ नाकात गेली. शिंक. एक नाही, ओळीनं चार. पहिल्या तीन धरल्या. चौथी नाही.

महिना होऊन गेला मॅटवर. महिना! काय उपयोग? मधल्या सुट्टीपर्यंत टेबलामागून हलले नाही. पोरांना शुद्धलेखन घातलं. घरी येऊन मॅट उघडलीच नाही. लाथ मारावीशी वाटली तिला.

२१ जून

काल लाथ मारणारी मीच. आज योग दिन – सगळी शाळा मैदानात, सतरंज्यांवर. मुख्याध्यापक पोटावर हात ठेवून श्वास घ्यायला सांगत होते. मी श्वास सोडताना माझं वेगळंच आवळत होते. सातशे पोरांसमोर, आणि एकालाही पत्ता नाही!

प्रांजल मॅडमला फोन केला. ओरडा खाल्ला. चारातल्या तीन धरल्या हे तुम्ही का मोजत नाही, म्हणाली. महिन्यापूर्वी पहिलीच धरली नसती. खरंय की. संध्याकाळी मॅट अंथरली.

१४ जुलै

शिंक धरते. खोकला धरते. जिना उतरताना आधी आवळून धरायचं हे आता आपोआप होतं. मॅट धुवावी लागल्याला आठवडा झाला असेल, पण सवयीनं धुतेच; कुणी विचारलं तर घाम म्हणते. सासूबाई माडीच्या जिन्याशी उभ्या राहून विचारतात, "झालं का लोळून?" म्हणते, झालं.

रोज करते. पाऊस असो, पेपर असो, पाहुणे असोत. पाहुणे असले की सांगते, जरा वर जाऊन आले. ही जिद्द बी. एड. ला दाखवली असती तर पहिली आले असते.

पण फुगडीचं काय? फुगडीत उड्या, गरगर आणि वर हसणं. तिन्ही एकदम. प्रांजल म्हणते, मॅटवर उभं राहून जागच्या जागी उड्या मारून बघा. मारल्या. दहाव्या-बाराव्या उडीला भीती वाटली म्हणून थांबले. झालं काही नव्हतं. नुसती भीती.

८ ऑगस्ट

शिराळा. उद्या पंचमी, आज भावाचा उपवास. दादानं माझ्यासमोर बसून मुद्दाम भजी खाल्ली. आईनं माझ्या गालावरून हात फिरवला. वहिनीनं बॅगेतून निळी वळकटी बाहेर काढली आणि विचारलं, हे काय आणि. पाठीचं, म्हटलं. मेंदीच्या हातानं लिहितेय, अक्षर वाईट.

९ ऑगस्ट

खेळले!

दिवसभर गावात माणूस मावत नव्हता. आम्हाला कुठलं बाहेर पडायला मिळतंय, दिंडं उकडता उकडता दुपार झाली. चारच्या सुमाराला आळीतल्या बायका अंगणात जमल्या. झिम्मा झाला. मी झिम्म्यात होते, टाळ्या देत होते, पण पाय जपून टाकत होते. मग वहिनी पुढं आली, पदर खोचला, हात पुढे केले. "या वन्सं."

माझे हात तिच्या हातात गेले. मागं झुकले. आणि मनात म्हटलं, आवळ, आता सोडू नकोस – आणि सुटले! पाय जुळवून, गरगर, आईचं तोंड, तुळस, दादाची गाडी, परत आईचं तोंड. वहिनी ओरडायला लागली सोडा म्हणून. नाही सोडलं. बायका हसत होत्या, मी हसत होते, मोठ्यानं, तोंड उघडून. थांबलो तेव्हा दोघी एकमेकींच्या गळ्यात पडलो, अंगण फिरत होतं.

आत जाऊन बघितलं. थेंबभर. एवढंच! थेंब म्हणवतो आता.

आई चुलीपाशी बसली होती. मी गेले तशी म्हणाली, "तशीच खेळतीस की गं अजून." तिच्या मांडीवर डोकं ठेवलं आणि तिनं ठेवू दिलं.

१२ ऑगस्ट

शाळेतून आले तर खाली कुणी नाही. माडीवर मॅट अंथरलेली, आणि तिच्यावर सासूबाई. नऊवारीत, उताण्या, हात छातीवर. मी पर्स टाकून पुढं धावले. मग त्यांनी डोळे उघडले.

"पाठ धरली का, आत्या?"

"पाठ न्हाई." छताकडे बघत होत्या. "घामानं कोन रोज मॅट धुतंय गं? मला कळत न्हाई व्हय?"

मी खाली बसले.

"मला जयराजच्या येळंपास्नं हाय," म्हणाल्या. "पातळात चिंध्या घालून दीस काढलं. लग्नाला म्हनू नगं, देवाला म्हनू नगं. मानसं म्हनली, मनुबाई लय ताठ, कुनाच्यात जात न्हाई. म्हनू दे म्हनलं." मग माझ्याकडे मान वळवली. "माझ्या वयाला येतंय का गुन?"

माहीत नाही. खरंच माहीत नाही, प्रांजलला विचारायला हवं. पण मी उठून दाराला कडी घातली, आणि म्हटलं, "आत्या, गुडघे वर घ्या."

घेतले त्यांनी.